एकही कौल सरकलं नाही

विश्रामचं घर भूकंपात पडलं, आणि त्यानंतर तेवीस वर्षं ते मी उभं ठेवलं.

विटा नाहीत, चुना नाही, सगळं काम फोनवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, नैरोबीत सकाळचा चहा झाला की विश्राम मावजीचा फोन यायचा. आधी त्याचे गुडघे, मग माझे गुडघे, मग पाऊस, आणि शेवटी हळूच, "हरजी, घर कसं आहे?" मी म्हणायचो, उभं आहे. तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण जिभेला हाड नाही. दिवाळीआधी मी त्या घराला चुना काढायचो, पावसाळ्याआधी शाकारायचो, ओसरीतल्या चिमणीला किती पिल्लं झाली ते मोजून सांगायचो. एका वर्षी तर दाराला वाळवी लागली म्हणून मी जुनं दार काढून नवं सागवानी बसवलं.

माझी बायको मेघबाई हे सगळं भाजी चिरता चिरता ऐकायची. फोन ठेवला की म्हणायची, "नसलेल्या घराला दरसाल चुना. आणि आपण राहतो त्या भिंतीचे पोपडे सहा वर्षं माझ्या कढीत पडतायत."

हे सुरू कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला निव्वळ लबाड समजाल. दोन हजार एक सालच्या त्या सव्वीस जानेवारीला आमचं सोनापर गाव अख्खं खाली बसलं. माझं घर गेलं, विश्रामचं गेलं, देवळाचं शिखर गेलं. मी आणि मेघबाई शेतात होतो म्हणून राहिलो. आठव्या दिवशी फौजेची माणसं गाडीत फोन घेऊन आली. रांग लावली, प्रत्येकाला दोन मिनिटं. मी विश्रामला लावला, पण उचलला त्याच्या आईनं, वेलबानं. डोळ्यांच्या ऑपरेशनला म्हणून विश्राम तिला दोन वर्षांपूर्वी नैरोबीला घेऊन गेला होता, आणि ती तिथे रोज पिशवी भरून बसायची, मला सोनापरला पोचवा म्हणून. तिनं एकच विचारलं, "हरजी, माझं घर?"

त्या आठ दिवसांत मी इतक्या लोकांना इतक्या वाईट बातम्या सांगितल्या होत्या की आणखी एक सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी म्हणालो, "उभं आहे बा. एकही कौल सरकलं नाही."

ती "बरं झालं रे बाबा" म्हणाली आणि फोन विश्रामला दिला. शेजारी ती उभी असताना त्याला मी वेगळं काय सांगणार होतो?

दोन वर्षांनी वेलबा गेली. आता खरं सांगून टाकू असं मी ठरवलंही. पण त्या रविवारी विश्रामनं विचारलं, घर कसं आहे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, उभं आहे, चुना काढायला झालाय. गावाला मी देवळाच्या चौकात शपथ घातली होती, विश्रामला कुणी बोलायचं नाही. सोनापरमध्ये कुणाची सून माहेरी रुसून गेली हे संध्याकाळच्या आत नैरोबीला पोचतं. पण हे गुपित तेवीस वर्षं टिकलं. मला माझ्या गावाचा फार अभिमान वाटायचा.

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. विश्राम शाकारायला पैसे पाठवतो म्हणाला की मी म्हणायचो, देवळाला दे. या लबाडीत माझा फायदा काही नव्हता, एक सोडून. माझी दोन्ही मुलं लंडनला. सणासुदीला फोन करतात, तब्येत विचारतात आणि मी उत्तर द्यायच्या आत "सांभाळा" म्हणतात. मला उत्तर येतं असा प्रश्न जगात फक्त विश्राम विचारायचा. खरं सांगितलं की पहिला रविवार रिकामा जाणार, याची मला भीती होती. ती अजूनही कबूल करायला जड जाते.

तर गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी गुडघे झाले, थंडी झाली, आणि विश्राम म्हणाला, "येतोय. होळीला. आठ दिवस."

"ये की! माझ्याकडेच ये. वर नवीन खोली आहे, संडास आतच आहे."

"तुझ्याकडे कशाला? माझं घर आहे ना. ओसरीत खाट टाकून ठेव."

फोन ठेवला. घराबाहेर जाऊन समोरची विश्रामची जागा बघून आलो. वेडी बाभूळ माजलेली, आणि तिच्या सावलीत आमची म्हैस रवंथ करत बसलेली.

"सांगा आता," मेघबाई म्हणाली. "फोन लावा आणि सांगा."

"काय सांगू? तेवीस वर्षांनी सांगू की तुझं घर काल पडलं?"

"सांगा, म्हशीनं धक्का दिला."

त्या आठवड्यात मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. मेघबाईनं माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हशीशी मात्र ती मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची, "आता बाई तुझ्या पाठीवर खाट टाकायची आहे, हं."

फिल्मवाले आले ते पंधरा दिवसांनी. परदेशी गेलेल्यांच्या साठ घरांच्या किल्ल्या माझ्या कंबरेला असतात, म्हणून गावात कुणी नवा आला की त्याला माझ्याकडेच धाडतात. दोन गाड्या होत्या. एकीतून डोक्यावर उलटी टोपी घातलेला नीरव उतरला. तो दिग्दर्शक. दुसरीतून ऋत्वी नावाची मुलगी उतरली, हातात हे भलं मोठं पुस्तक. घरंदारं उभी करायचं काम तिचं. आफ्रिकेत गेलेला माणूस चाळीस वर्षांनी आपल्या खेड्यात परत येतो, अशी त्यांची गोष्ट होती.

मी त्यांना गाव फिरवलं. संगमरवरी पायऱ्या, निळ्या काचा, गच्चीवर सिंहांच्या जोड्या, आणि दारांना कुलपं. नीरव शेवटी चौकात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, गाव कुठे आहे?"

"मग आता काय तालुक्याला फिरत होतास?" मला रागच आला.

"तसं नाही काका. आम्हाला जुनं घर हवं. पाहून माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल असं."

"जुनं सगळं भूकंपात गेलं."

"हरकत नाही, आम्ही बांधू," ऋत्वी म्हणाली. "मोकळी जागा मिळाली की दहा दिवसांत जुनं घर उभं करतो."

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हैस सोडली आणि तिला ती जागा दाखवली. "जागा फुकट," मी म्हणालो, "पण घर मी सांगेन तसं."

ऋत्वीनं तिचं पुस्तक उघडलं. त्यात भुंगे होते, म्हणजे मातीच्या गोल झोपड्या, भिंतींना आरसे, दारात उंट. "हे तिकडचं, रणाजवळच्या बन्नीकडचं," मी म्हणालो. "आम्ही पटेल. आमचं घर चौकोनी. आरसा फक्त दाढी करायला, तोही फुटका. आणि उंट दिसला तर मी म्हैस परत आणून बांधीन."

त्यानंतरचे दहा दिवस मी आयुष्यात केला नाही असा सुखाचा संसार केला. पहाटे उठून काठी घेऊन जागेवर. ओटा तीन पायऱ्यांचा, त्यातली मधली मोडकी. ओसरीचा दुसरा खांब कलता, कारण विश्राम आणि मी लहानपणी त्याला झोका बांधायचो. दिव्याचा कोनाडा दाराच्या उजव्या हाताला, त्याच्या वर काजळीचा ओघळ. ऋत्वी ब्रश घेऊन काजळी रंगवायची आणि मी मागे उभा राहून म्हणायचो, "एवढी नाही गं, वेलबा दर शनिवारी पुसायची." दार मी साडेचार फुटांचं करायला लावलं. विश्रामच्या बापाचं म्हणणं होतं, घरात येणाऱ्यानं आधी मान खाली घालावी, देवळात घालता ना? नवं सागवानी दार मी स्वतःच बसवलं होतं, पण हातून झालेली ती चूक सुधारायची संधी आली होती. मी जुनं, खिळे मारलेलं दार सांगितलं.

"आणि या कोपऱ्यातली कौलं जरा सैल ठेव," मी ऋत्वीला छपराकडे बोट करून सांगितलं. "मोर उतरला की इथलं एक तरी खाली घसरायचं. वेलबा रोज काठीनं वर ढकलायची आणि मोराला शिव्या द्यायची."

"काका, तुम्हाला इतकं कसं आठवतं?"

"आठवत कुठे, दर महिन्याला बघतो मी," मी म्हणालो. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघून कामाला लागली.

घर उभं राहिलं. लांबून पाहिलं तेव्हा मी हात जोडले, आणि जवळ गेलो तेव्हा ते सुटले. भिंती प्लायवूडच्या होत्या, वर मातीचा आणि चुन्याचा हात दिलेला. कौलं एका बोटानं उचलावीत अशी, कसल्याशा दाबलेल्या भुशाची. आणि घर होतं फक्त पुढून. ओटा, ओसरी, एक खोली, संपलं. मागे बांबूंची तटबंदी. पण मी मनात हिशेब मांडून ठेवला होता. शूटिंग गुरुवारी संपणार, विश्राम शुक्रवारी येणार, घर शनिवारी उतरवणार. शुक्रवारी संध्याकाळी लांबून घर दाखवायचं, प्रवासानं दमलास म्हणून माझ्याकडे झोपवायचं, आणि शनिवारी काय सांगायचं ते शनिवारी बघू.

शूटिंग म्हणजे निव्वळ धिंगाणा होता. नीरवला गरीब गावकरी हवे होते. आमच्या बायका इस्त्रीच्या साड्या नेसून, हातभर सोन्याच्या बांगड्या घालून आल्या. "मावशी, बांगड्या काढा," नीरव हात जोडून म्हणाला. केसरबाई म्हणाली, "मी काढीन, पण लंडनला माझी सून बघेल आणि म्हणेल, सासूनं माझ्या वाट्याच्या बांगड्या कुठे घातल्या? तिला तू समजावशील?" शेवटी नीरवनं बांगड्यांवर चिंध्या गुंडाळल्या. सगळं गाव हातांना भाजल्यासारखं दिसायला लागलं.

हीरो सहा फूट दोन इंच. दारात त्यानं ढसाढसा रडत आत शिरायचं होतं. बुधवारी दुपारपर्यंत तो नऊ वेळा शिरला आणि नऊ वेळा कपाळावर आपटला. "दार उंच करा," तो ओरडला. मी चौकटीसमोर आडवा उभा राहिलो. "दाराला हात लावायचा नाही. कपाळ तुमचं, तुम्ही सांभाळा." नीरवनं माझी समजूत घातली, मग हीरोची घातली, मग टेंगळाला बर्फ लावून दहाव्यांदा तयारी केली.

आणि याच वेळी शुक्रवारी येणारा माणूस बुधवारी आला. विश्राम चाळीस वर्षं नैरोबीत कंत्राटदार आहे. वेळेच्या आधी आलेला कंत्राटदार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

तो टॅक्सीतून उतरला तेव्हा मी गर्दीच्या दुसऱ्या टोकाला होतो. नीरवच्या एका माणसानं त्याचं बखोट धरलं. "काका, उशीर केलात! ती बॅग झाडामागे ठेवा, घड्याळ काढा आणि तिसऱ्या रांगेत उभे राहा. आफ्रिकेहून मुलगा येतोय, त्याच्याकडे आनंदानं बघायचं." विश्राम मुकाट्यानं तिसऱ्या रांगेत केसरबाईशेजारी जाऊन उभा राहिला. सगळं गाव मान वळवून आफ्रिकेहून येणाऱ्या माणसाची वाट बघत होतं, त्यामुळे त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. मी पाहिलं. त्याच्याकडे निघालो, पण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "शांतता!"

हीरो आला. पायरी चढला, मधल्या मोडक्या पायरीवर अडखळला, खांबाला मिठी मारली, रडला, आणि दाराकडे वळला.

"अरे भल्या माणसा, वाक!" तिसऱ्या रांगेतून विश्राम ओरडला. "या दारात वाकायचं असतं!"

"कोण ओरडलं?" नीरवनं टोपी जमिनीवर आपटली. तोवर विश्राम पुढे आला होता. त्यानं जोडे काढले, मधली पायरी न बघता ओलांडली, हीरोला हातानं बाजूला केलं आणि आत गेला. दारापाशी त्याची मान आपोआप खाली गेली, पंचवीस वर्षांनी, जणू कालच गेली असावी.

नीरव हळूच दाराशी गेला. "काका, परत एकदा कराल? असंच?"

आतून आवाज आला, "परत कसं करू? आलो ना आता आत."

जेवणाची सुट्टी झाली. मी आत गेलो तेव्हा विश्राम खोलीच्या मधोमध उभा होता. सत्तरीचा, पांढरा, वेलबाचं नाक घेऊन. आम्ही मिठी मारली आणि मी लगेच बोलायला सुरुवात केली, कारण थांबलो असतो तर तो बोलला असता. "तुझं घर फिल्मवाल्यांना आवडलं रे. म्हणाले चार दिवस द्या. मी म्हटलं, विश्रामला काय, आनंदच होईल."

"होईलच," विश्राम म्हणाला आणि भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. नुसत्या टकटकीनं सिमेंटचं प्रमाण सांगणारा माणूस. भिंत म्हणाली, ढब. मी जोरात खोकलो.

"चुना ओला आहे," तो बोट बघत म्हणाला.

"तुझ्यासाठीच काढला. ताजा."

त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली. टोपी, खुंटी आणि ओंजळभर भिंत खाली आली. मागे निळ्या शाईत प्लायवूडचा शिक्का दिसायला लागला.

"वाळवी," मी म्हणालो. "वाळवीचा फार त्रास. म्हणून आतून अस्तर लावलं."

"शहाणपणाचं केलंस." मग त्यानं मागचं दार उघडलं. तिथे एक दिवेवाला बांबूला टेकून दाबेली खात होता. त्याच्या पलीकडे, जिथे वेलबाची चूल असायची, तिथे आमची म्हैस उभी होती. मेघबाईनंच तिला परत आणून बांधलं होतं. मुद्दाम.

"स्वयंपाकघर?" विश्रामनं विचारलं.

"ते फिल्मवाल्यांनी काढून ठेवलंय. उजेडासाठी."

"काढून ठेवलंय."

"परत बसवणार आहेत. तसं लिहून घेतलंय मी."

"आणि माळा?"

"तोही. सगळं नीट बांधून ठेवलंय."

विश्रामनं दार लोटून घेतलं. "चाळीस वर्षं मी लोकांची घरं बांधतोय, हरजी. स्वयंपाकघर काढून बाजूला ठेवता येतं हे मला माहीत नव्हतं. ही युक्ती मला आधी कळवायचीस."

एवढ्यात मेघबाई बाजरीचा रोटला, लोणी आणि ताकाची लोटी घेऊन आली. "जय स्वामिनारायण, विश्रामभाई," ती म्हणाली. ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी तोंड उघडलं. तेवीस वर्षं कौलं, चुना, चिमण्या सांगणाऱ्या तोंडातून एक शब्द निघेना.

"बस रे खाली," विश्राम म्हणाला. "रोटला गार होतोय. आणि भाभी, त्याला छळू नका. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"घर पडलं ते. कधीपासून माहीत आहे."

"कुणी सांगितलं?" मी उसळलो. "केसरबाईनं? मी चौकात शपथ घातली होती!"

"नैरोबीच्या देवळात जो उठतो तो सोनापरहून आलेला. तिघांनी सांगितलं. एकानं तर फोटो आणला होता. म्हैस छान आहे तुझी. पण त्यांच्याही आधी बानं सांगितलं."

"बानं?"

"त्याच दिवशी. तुझा फोन ठेवला आणि ती पलंगावर बसली. म्हणाली, विश्राम, आपलं घर गेलं. मी म्हटलं, अगं, हरजी तर म्हणतो उभं आहे. तर म्हणाली, तो म्हणतो एकही कौल सरकलं नाही. माझ्या घरात साधा मोर उतरला तरी कौल सरकायचं. एवढा भूकंप झाला आणि एकही नाही?"

मेघबाई मटकन खाली बसली. मी खोलीच्या कोपऱ्याकडे बघितलं, वर, जिथे मी स्वतः ऋत्वीकडून कौलं सैल ठेवून घेतली होती. मला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला.

"मग मला बोलला का नाहीस? तेवीस वर्षं चुना काढायला लावलास!"

"पहिली दोन वर्षं बासाठी. रविवार आला की विचारायची, हरजीला फोन लावलास का? घर काय म्हणतंय? मी तुझं सगळं तिला सांगायचो. म्हणायची, पोरगा खोटं बोलतो, पण झाडलोट नीट करतो." विश्रामनं ताकाची लोटी उचलली, पण प्यायला नाही. "आणि ती गेल्यावर माझ्यासाठी. मी तिकडे चारशे घरं बांधली असतील. एकाचाही कोनाडा आठवत नाही. रविवारी चहा घेऊन बसायचो, तू दार उघडायचास, मी आत यायचो. तू खरं सांगितलं असतंस तर मी कुठे गेलो असतो?"

मला रडू आलं. लपवायला काही नव्हतं, म्हणून मी तसाच रडलो. मेघबाईही रडली, पण तिनं ते लोण्याच्या वाटीत बघत केलं.

"फक्त एक," विश्राम एकदम कडक आवाजात म्हणाला. "पंधरा वर्षांपूर्वी तू सागवानी दार बसवलंस. माझ्या बापाच्या हातचं दार काढायला तुला कुणी सांगितलं होतं? मी तीन रविवार जेवलो नाही. भांडायचं तर कसं भांडू, दारच नाही! आणि काढलेलं जुनं दार केलंस काय?"

"मेघबाईनं... बंबात घातलं," मी म्हणालो.

"मी?" मेघबाई ताडकन उठली. "माझं नाव यात घातलंत तुम्ही?"

"जाऊ द्या भाभी. आता जुनं परत बसवलंय ना त्यानं," विश्राम दाराकडे बघत म्हणाला आणि रोटला मोडला.

विश्राम वरच्या खोलीत आठ दिवस राहिला, संडास आतच असल्याबद्दल त्यानं रोज समाधान व्यक्त केलं. गुरुवारी नीरवनं त्याला बोलावून विचारलं, "काका, खरं सांगा, परत आलेला माणूस असा रडेल का?" विश्राम म्हणाला, "प्रवास किती तासांचा आहे? आधी मोरी शोधेल. रडणं नंतर." नीरवनं ते लिहून घेतलं.

शनिवारी घर उतरवायला चार माणसं आली. विश्राम खुर्ची टाकून समोर बसला आणि त्यांना शिकवायला लागला, "आधी आढ्याची कौलं. तशी नाही, ओळीनं. अरे, कुणाच्या तरी घराची आहेत ती." पाऊण तासात जागा मोकळी झाली. भूकंपाला तीस सेकंद लागले होते, विश्राम म्हणाला, हे लोक फार आळशी. ऋत्वीनं जाताना त्याच्या पाया पडत विचारलं, "काका, घर बरोबर जमलं होतं ना?" तो म्हणाला, "अगदी. फक्त आमच्या घराला मागची बाजू होती."

होळी झाली आणि तो गेला. टॅक्सीत बसताना मी विचारणार होतो, आता रविवारी फोन कशाला करशील म्हणून. विचारलं नाही.

एप्रिलचा पहिला रविवार आला. मी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. नऊ झाले, दहा झाले. मेघबाई दोनदा बाहेर डोकावून आत गेली, काही बोलली नाही. तिनं न बोलणं हे फारच झालं. साडेदहाला फोन वाजला.

गुडघे झाले. दोघांचे. ऊन झालं. मग पलीकडे चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला.

"हरजी," विश्राम म्हणाला, "घर कसं आहे?"

मी समोर बघितलं. म्हैस होती, बाभळीला नवी पानं फुटली होती, आणि पलीकडच्या गच्चीवरून उतरून एक मोर तिथे माती उकरत होता.

"उभं आहे," मी म्हणालो. "पण विश्राम, एक कौल सरकलंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग घसा साफ करून, कंत्राटदाराच्या आवाजात त्यानं विचारलं, "कुठलं?"

"चुलीवरच्या कोपऱ्यातलं. मोर बसला होता."

"पावसाच्या आत बसवून घे मग."

"उद्याच चढतो."

मागून मेघबाई तरातरा आली आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

"विश्रामभाई, काही चढत नाहीत हे," ती म्हणाली. "ते छप्पर केवढं उंच, आणि यांचे गुडघे असले. पडले म्हणजे? मीच काठीनं ढकलते ते कौल."